जिभेचा घाव

(कालगुर्ली येथे मलिद्याच्या प्रसंगी जमलेल्या आपल्या कुटुंबांपुढे केलेले भाषण. मंडळींच्या आग्रहावरून आपल्या मशिदीच्या स्मरणिकेसाठी लिहून दिले आहे.)



पर्थहून प्रॉस्पेक्टर गाडीने सात तासांचा प्रवास करून आपण एवढे लोक ह्या लाल मातीच्या गावी आलात, त्याबद्दल आधी आपले आभार. एलियाहू हन्नाबीचे नाव घेऊन मलिदा झाला. पोहे, खोबरे, साखर आणि पाच फळे कोकणात मिळत तशीच इथेही मिळाली, ही परमेश्वराची कृपा. आता चार शब्द बोलावेत असा आम्हाला हुकूम झाला आहे. आम्ही काही विद्वान नव्हे. तीन साडेतीन वर्षांचा नर्सिंगचा डिप्लोमा, आणि पुढे सारा जन्म रुग्णांच्या उशापायथ्याशी गेला. तेव्हा जे पाहिले, ऐकले आणि दुर्दैवाने जे आमच्या हातून घडले, तेवढेच सांगू.

आपल्या पुढ्यात पाण्याचे पेले आहेत. हे पाणी कालगुर्लीचे नव्हे. इथे नदी नाही, बारमाही झरा नाही. १८९३ साली पॅडी हॅननला इथे सोने सापडले आणि माणसांचे लोंढे आले, तेव्हा लोक तहानेने आणि विषमज्वराने हैराण झाले. हे पाणी पर्थजवळच्या मंडारिंग धरणातून, साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास लांबीच्या लोखंडी नळातून, पंपिंग स्टेशनांच्या जोरावर चढ चढून येते. ही योजना आखणारे इंजिनियर चार्ल्स येल्व्हर्टन ओकॉनर. आयर्लंडमध्ये जन्मलेला, न्यूझीलंडमध्ये नाव कमावलेला हा माणूस १८९१ साली पश्चिम ऑस्ट्रेलियाचा मुख्य इंजिनियर झाला. फ्रीमँटलचे बंदर त्यांनीच बांधले.

नळाची योजना निघाली आणि टीका सुरू झाली. पाणी चढावर जायचेच नाही, पैसा वाळूत जाणार, असे लोक म्हणू लागले. टीका करायला हरकत नसते. लोकांचा पैसा आहे, लोकांनी विचारावे. पण विचारता विचारता बोलण्याची जात बदलली. काम चुकेल का, हा प्रश्न मागे पडला आणि माणूस चोर आहे, हे पुढे आले. पर्थच्या एका रविवारच्या वृत्तपत्राने १९०२ च्या फेब्रुवारीत त्यांच्यावर लाचखोरीची राळ उडवली. विधिमंडळातही बोलले गेले. त्यांच्या बाजूने ठामपणे बोलणारा वजनदार माणूस उरला नव्हता, कारण त्यांना आणणारे प्रीमियर जॉन फॉरेस्ट तोवर संघराज्याच्या संसदेत गेले होते. १० मार्च १९०२ रोजी, वयाच्या ५९ व्या वर्षी, ओकॉनर यांनी समुद्रकिनारी स्वतःचे जीवन संपवले. मागे ठेवलेल्या चिठ्ठीत त्यांनी लिहिले की योजना बरोबर आहे, आणि खोट्या आरोपांपासून संरक्षण मिळाले असते तर आपण ती पुरी केली असती.

२४ जानेवारी १९०३ रोजी फॉरेस्ट यांच्याच हस्ते कालगुर्लीत पाणी सुटले. म्हणजे फक्त साडेदहा महिने राहिले होते. चौकशी झाली, तीत ओकॉनर यांच्या लाचखोरीचा पुरावा निघाला नाही. १९११ साली फ्रीमँटलला त्यांचा पुतळा उभा राहिला. पण पुढची गोष्ट ऐका. आजही इथे अनेक लोक सांगतात की ओकॉनरने नळ उघडला, पाणी आले नाही, म्हणून त्याने जीव दिला. हे साफ खोटे आहे. ते गेले तेव्हा कालगुर्लीपर्यंत पाणी सोडण्याची वेळच आली नव्हती. शंभरावर वर्षे होऊन गेली, रोज सकाळी त्यांच्याच नळाचे पाणी पिऊन लोक त्यांच्याविषयी खोटे सांगतात, आणि त्यांना वाटते की आपण इतिहास सांगतो आहोत. आम्हीही ह्या गावी आलो तेव्हा पहिली काही वर्षे पाहुण्यांना हीच गोष्ट सांगत होतो.

आता आमची स्वतःची गोष्ट. ती सांगताना तोंड कोरडे पडते, पण सांगितली पाहिजे.

सन १९८३. मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात आम्ही स्टाफ नर्स होतो. आमच्याच वॉर्डात एक वर्ष मागची, कोकणातून आलेली आपल्याच समाजाची मुलगी होती. आम्हाला ती ताई म्हणे. एका सकाळी ड्यूटी बदलताना पेथिडीनच्या कुप्या मोजल्या, तर दोन कमी भरल्या. ज्यांनी वॉर्डात काम केले आहे त्यांना ठाऊक आहे की ते कपाट कुलपात असते, किल्ली सिस्टरच्या कमरेला असते आणि एकेका कुपीचा हिशोब वहीत असतो. त्या रात्री किल्ली तिच्याकडे होती. मेट्रनने चौकशी सुरू केली, हे योग्यच झाले. पण दुपारी ड्यूटी रूममध्ये चहा पिताना आम्ही पाचजणी बसलो होतो. तेव्हा आम्ही एकच वाक्य बोललो. "तिच्या भावाला म्हणे व्यसन आहे."

एवढेच. आम्ही तिला चोर म्हटले नाही. भाऊ दारू पीत होता हे खरेच होते. पण ते वाक्य त्या चहाच्या टेबलावर ठेवले, तेव्हा त्याचा अर्थ काय होणार हे न कळण्याइतके आम्ही भोळे नव्हतो.

शनिवारी ते वाक्य मशिदीत पोहोचले. रविवारी तिच्या होणाऱ्या सासरी गेले, आणि जाता जाता भावाच्या व्यसनाचे बहिणीचे व्यसन झाले. साखरपुडा मोडला. नवव्या दिवशी हिशोब लागला. त्या रात्री एका रुग्णाला घाईने ऑपरेशन थिएटरात हलवले होते, दोन्ही कुप्या त्यालाच दिल्या होत्या आणि नोंद चुकून दुसऱ्या वॉर्डाच्या वहीत झाली होती. मेट्रनने तिला निर्दोष असल्याचे लेखी दिले. पण इस्पितळाचा कागद मोडलेली सोयरीक जोडत नाही. दोन महिन्यांत तिने राजीनामा दिला आणि पुढे ती इस्राएलला निघून गेली.

नर्सिंगच्या दीक्षा समारंभात हाती दिवा घेऊन आम्ही शपथ घेतली होती. फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या नावाची ती शपथ १८९३ साली अमेरिकेत डेट्रॉइटच्या इस्पितळात तयार झाली. आपल्या कामात कळलेल्या माणसांच्या खाजगी गोष्टी पोटात ठेवू, असे तीत वचन आहे. आम्हाला वाटे, ही शपथ रुग्णांपुरती आहे. ड्यूटी रूममधल्या सोबतिणीला ती लागू नाही!

आपल्या धर्मात ह्या दोषाला नाव आहे, लाशोन हारा. लहानपणी आम्ही समजत होतो की लाशोन हारा म्हणजे खोटे बोलून बदनामी करणे. तसे नाही. खोटी बदनामी हा तर त्याहून मोठा गुन्हा, त्याला वेगळे नाव आहे. लाशोन हारा म्हणजे खरी गोष्टसुद्धा कारणाशिवाय, दुसऱ्याला कमीपणा येईल अशी सांगणे. सरकारी कायदा इथपर्यंत येत नाही. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या न्याय संहितेतही, बोललेले खरे असेल आणि लोकहिताचे असेल तर ती बदनामी ठरत नाही. पण आपण खरे बोलतो तेव्हा लोकहितासाठी किती वेळा बोलतो? बहुतेक वेळा चहा बेचव लागू नये म्हणून बोलतो.

शमुवेलच्या पुस्तकातला दवेग आठवा. दावीद पळत असताना नोबच्या याजकाने त्याला भाकर आणि तलवार दिली. दवेगाने ते पाहिले आणि शौल राजाला सांगितले. सांगितले ते डोळ्यांनी पाहिलेले होते. त्या सांगण्याने एका दिवसात पंचाऐंशी याजक मारले गेले. म्हणून आपले ज्ञानी लोक म्हणत आले की निंदा तिघांना मारते. बोलणाऱ्याला, ऐकणाऱ्याला आणि ज्याच्याविषयी बोलले त्याला.

मिर्यामची गोष्ट तर आम्हा नर्सांना विसरता येत नाही. ती नबी होती, मोशेची थोरली बहीण. तिनेच बाळ मोशेवर पाण्याकाठी पहारा केला. पण त्याने केलेल्या कूशी बायकोवरून ती त्याच्याविषयी बोलली आणि तिची कातडी बर्फासारखी पांढरी झाली. सात दिवस तिला तळाबाहेर ठेवले. कूश म्हणजे काळ्या लोकांचा देश. तेव्हा ती बायकोच्या रंगावर बोलली असावी, असेही काही म्हणतात. पण आमच्या मनाला दुसरी गोष्ट लागते. ते सात दिवस सारी जमात थांबून राहिली. एकीच्या जिभेमुळे सर्वांचा प्रवास अडला.

हे आमच्या समाजाला शिकवायला नको, कारण आपण तो घाव स्वतः सोसला आहे. आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. इस्राएलमध्ये आपल्या लोकांची लग्ने लावताना अडचणी येऊ लागल्या. १९६१ मध्ये मुख्य रब्बींच्या मंडळाने आपल्याशी लग्न करण्यास हरकत नाही असा निर्णय दिला, पण १९६२ च्या फेब्रुवारीत सूचना निघाल्या की बेने इस्राएल माणूस लग्नाला आला तर त्याच्या मागच्या पिढ्यांची चौकशी करावी. शेकडो वर्षे कोकणात शाब्बाथ पाळून शनवार तेली म्हणवून घेतलेल्या, सुंता आणि शमा न सोडलेल्या लोकांच्या आज्यापणज्यांवर संशय! कोणी प्रत्यक्ष शिवी दिली नाही. "चौकशी करावी" एवढेच म्हटले. पण मुलगी पाहायला आलेल्या घराला तेवढे पुरते. १९६४ च्या उन्हाळ्यात आपल्या लोकांनी यरुशलेममध्ये धरणे धरले, उपास केले. १७ ऑगस्ट १९६४ रोजी क्नेसेटची खास बैठक झाली आणि पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांनी सांगितले की बेने इस्राएल हे सर्व बाबतींत यहुदीच आहेत, त्यांच्यात आणि इतरांत फरक नाही. त्यानंतर सूचनांमधून आपले नाव काढले गेले.

त्या दिवसांत धरण्याला बसलेल्यांच्या तोंडून आम्ही पुढे ऐकले आहे. उपासाने पोट दुखले नाही, पण आईच्या नावावर संशय आला तो जन्मभर दुखला.

पण मंडळी, आता आरशात पाहू. आपल्यातच गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल होते की नाही? अमक्याची आजी बाहेरची, तमक्याच्या पणज्याने दुसरी बायको केली, अशा कुजबुजीवर पिढ्यान्‌पिढ्या सोयरीक होत नव्हती, पंगतीला भेद होता. बिचाऱ्यांनी कोणाकडे धरणे धरावे? त्यांच्यासाठी कुठलेही क्नेसेट बसले नाही. जे आपल्यावर आले ते आपण आधी आपल्याच भावंडांवर आणले होते.

आणि अफवेने घरे कशी जळतात, ते ह्याच गावाने पाहिले आहे. १९३४ च्या जानेवारीअखेर हॅनन स्ट्रीटवरच्या एका हॉटेलाबाहेर जॉर्डन नावाचा स्थानिक तरुण आणि हॉटेलात काम करणारा इटालियन क्लॉडिओ मॅटाबोनी यांच्यात बाचाबाची झाली. जॉर्डन पडला, डोक्याला मार लागून वारला. गावभर उठले की परक्यांनी मिळून आपला माणूस ठार मारला. २९ आणि ३० जानेवारीला कालगुर्ली आणि बोल्डरमध्ये इटालियन आणि स्लाव लोकांची दुकाने, हॉटेले, घरे जाळली. बायकामुले रानात पळाली. दोन माणसे मेली. पुढे मॅटाबोनी कोर्टातून निर्दोष सुटला. पण जळलेली घरे निकालाने उभी राहिली नाहीत. आज त्या रस्त्यावरून बाजारहाट करताना आम्हाला वाटते, आम्ही त्या दिवशी फुटपाथवर असतो तर काय केले असते? दगड मारला नसता, हे खरे. पण शेजारणीला "ऐकलेत का?" असे म्हटले नसते का?

आता कोणी विचारील, मग तोंडाला कुलूपच लावायचे का? सून मार खाते आहे, लहान लेकराला कोणी त्रास देतो आहे, तरी गप्प बसायचे? नाही. मुळीच नाही. लाशोन हाराच्या नावाखाली आपल्या समाजात, सर्वच समाजांत, पुष्कळ पापे झाकली गेली आहेत. रब्बी इस्राएल मेईर कागान यांनी १८७३ साली ह्याच विषयावर 'हाफेत्स हाईम' हे पुस्तक छापले, आणि कोणाचे नुकसान टाळण्यासाठी बोलावे लागते तिथे बोलणे कर्तव्य आहे, हेही त्यांनी अटींसह मांडले. पश्चिम ऑस्ट्रेलियात २००९ पासून डॉक्टर, नर्स, शिक्षक आणि पोलीस यांना लहान मुलाच्या लैंगिक छळाचा संशय आला तर कळवण्याची कायद्याने सक्ती आहे. आम्ही त्या नियमाखाली काम केले आहे. फरक कानाचा आहे. ज्याच्या हातात उपाय आहे त्याच्या कानी, जेवढे ठाऊक तेवढेच, न वाढवता सांगायचे. त्या दिवशी मेट्रन वही तपासत होत्या ते कर्तव्य होते. आम्ही चहा पिताना बोललो ती निंदा होती. गोष्ट एकच, कान वेगळे.

ती मुलगी आम्हाला पुन्हा भेटली. २००९ साली इस्राएलमध्ये एका लग्नाला गेलो होतो. मेंदीच्या रात्री ती समोर आली. केस पिकलेले, नातवंड कडेवर. तिचा संसार उशिरा का होईना, चांगला झाला होता. आम्ही तिला बाजूला नेले आणि सव्वीस वर्षांपूर्वीचे ते वाक्य कोणी उच्चारले, ते सांगितले. तिला ठाऊक नव्हते. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "ताई, माफ केले. पण एक विचारते. मला सांगितलेत, त्या खोलीतल्या बाकीच्या चौघींना कधी सांगितलेत का?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. आम्ही तिच्यापुढे रडून मोकळे व्हायला आलो होतो. पण तिचे नाव जिथे मळले होते, तिथे आम्ही फिरकलोही नव्हतो. दारफाळणीच्या सणाला आपण उपास करतो. माणूस आणि देव यांच्यातले पाप तो दिवस धुतो. माणसामाणसांतले पाप मात्र त्या माणसाचे समाधान केल्याशिवाय धुतले जात नाही, हे हजान दरवर्षी सांगत. आम्ही सव्वीस उपास केले होते आणि आमचा हिशोब होता तिथेच होता.

परत आल्यावर आम्ही पत्ते शोधले. चौघींपैकी दोघी तोवर देवाघरी गेल्या होत्या. दोघींना पत्र लिहिले. एकीचे उत्तर आले की तिला हे काही आठवत नाही, फक्त "त्या मुलीचे काहीतरी औषधाचे प्रकरण होते" एवढे आठवते. पाहा, निर्दोष ठरल्याचा कागद विसरला गेला होता, आमचे वाक्य राहिले होते. ज्या घरी साखरपुडा मोडला, तिथले जुने लोकही गेले. ते मरेपर्यंत तिला व्यसनीच समजत राहिले. ते देणे आता आम्हाला ह्या जन्मी फेडता येणार नाही. आज तिच्या परवानगीने, तिचे नाव न घेता, आम्ही हे बोलतो आहोत.

आपण सारे आता उतारवयाचे आहोत. हातपाय थकले, पण जिभेला संधिवात होत नाही! मुलेबाळे कामावर जातात, आपण फोन घेऊन बसतो. अश्दोदची बातमी कालगुर्लीला आणि कालगुर्लीची ठाण्याला क्षणात जाते. पूर्वी निंदेला निदान शनिवारची वाट पाहावी लागे. म्हणून तीनच गोष्टी सांगतो. एक, कोणाविषयी वाईट कानावर आले तर "तुम्ही स्वतः पाहिलेत का?" एवढेच विचारा. बरेचसे बोलणे तिथेच थांबते. दोन, कोणाचे स्थळ विचारायला फोन आला तर ठाऊक असलेले तेवढे सांगा, ऐकीव काही सांगू नका. तीन, बोलून चुकला असाल तर नुसती माफी मागून बसू नका. ज्या ज्या कानात टाकले त्या त्या कानापाशी जा, आणि हे लवकर करा. माणसे थांबत नाहीत.

मारणाऱ्याचा हात धरता येतो, बोलणाऱ्याचे तोंड धरता येत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. दुसऱ्याचे धरता येत नसेल. स्वतःचे तर येते!

ओकॉनर यांच्या नळाचे पाणी घ्या, आणि कोणी पुन्हा ती खोटी गोष्ट सांगितली तर त्याला गोडीने दुरुस्त करा. एवढे केलेत तरी आम्ही बोललो ते वाया गेले नाही असे समजू. आपल्या मशिदीचा दिवा असाच तेवत राहो, आणि तिच्या दारातून बाहेर पडणारा शब्द कोणाचे घर मोडणारा नसो, हीच प्रार्थना.

शालोम.